स्ट्रासबर्गचा हात, आपला हिशेब

बेसबॉलमधला तरुण पिचर, म्हणजे गोलंदाज, पॉल स्कीन्स बॉल टाकायला उभा राहिला की आमच्या इथल्या मराठी मित्रमंडळीत कोणीतरी हमखास म्हणतं, "चांगला आहे पोरगा. फक्त दुसरा स्ट्रासबर्ग होऊ नये म्हणजे मिळवलं." सगळे माना डोलावतात आणि विषय पुढे जातो. मी मात्र दर वेळी तिथेच अडकते. "दुसरा स्ट्रासबर्ग" म्हणजे नेमकं काय? कॉलेजात देवासारखा वाटलेला, पुढे काचेसारखा निघालेला आणि शेवटी २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार खिशात घालून घरी बसलेला खेळाडू, असा या शब्दांचा अर्थ झाला आहे. इतकी वर्षं चाललेला हा वाद इतक्या ढिसाळपणे घातला जातो की आता गप्प बसवत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. स्टीफन स्ट्रासबर्ग वाया गेला नाही. त्याने कोणाला लुबाडलं नाही. २०१२ साली वॉशिंग्टन नॅशनल्स क्लबने त्याला मोसम संपण्याआधीच थांबवलं, तेही मुळात बरोबरच होतं. चुकतो तो आपला हिशेब. या हातातून क्लबला काय मिळालं, शहराला काय मिळालं, आपल्याला काय मिळालं, एवढंच आपण मोजतो. तो हात निकामी झाला तर नुकसान कोणी सोसायचं, हा रकाना आपल्या वहीतच नाही.

ज्यांनी बेसबॉल फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. स्ट्रासबर्ग मूळचा सॅन डिएगोचा. शाळेतून बाहेर पडला तेव्हा २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लब नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत, त्याचं नाव कोणीही घेतलं नाही. गावातल्याच सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात तो गेला तेव्हा वजन जास्त होतं आणि दम कमी. सरावात धापा टाकायचा, ओकायचा. तिथल्या व्यायाम प्रशिक्षकाने स्लॉथ या सुस्त प्राण्यावरून त्याचं नावच "स्लॉथबर्ग" ठेवलं. संघाचे प्रशिक्षक होते टोनी ग्विन. कारकिर्दीत ३,१४१ हिट्स (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं म्हणजे हिट) आणि आठ वेळा लीगचं फलंदाजीचं विजेतेपद मिळवलेला हा माणूस हिरा ओळखणाराच होता. पोरगा घाम गाळत गेला, बरंच वजन उतरवलं. एप्रिल २००८ मध्ये युटा विद्यापीठाविरुद्ध त्याने एका सामन्यात २३ फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केले. सामन्यात बाद करायचे असतात २७: नऊ इनिंग, म्हणजे डाव, आणि प्रत्येकात तीन. त्याच उन्हाळ्यात बीजिंग ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात घेतलेला तो एकमेव कॉलेज खेळाडू होता. तिथून कांस्यपदक घेऊन आला. २००९ च्या शेवटच्या मोसमात १३ विजय, एक पराभव, १०९ इनिंगमध्ये १९५ स्ट्राइकआउट. घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात एअर फोर्स अकॅडमीला एकही हिट दिला नाही. कॉलेज बेसबॉलच्या इतिहासात याच्या तोडीचा पिचर झाला का, यावर आजही एकमत नाही.

जून २००९ मध्ये नॅशनल्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. आदल्या मोसमात हा संघ १०२ सामने हरला होता आणि चालू मोसमात १०३ हरणार होता. ऑगस्टमध्ये मध्यरात्रीची मुदत संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा सह्या झाल्या, चार वर्षांसाठी १ कोटी ५१ लाख डॉलर. ड्राफ्टमधल्या कोणालाही तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. आणि मग ८ जून २०१० ची रात्र आली. मी आणि माझा नवरा नॅशनल्स पार्कच्या वरच्या मजल्यावर होतो. एरवी अर्धं रिकामं असणारं ते मैदान ४०,३१५ लोकांनी भरलं होतं. ताशी १६० किलोमीटरचा चेंडू वरून दिसतच नव्हता, कॅचरच्या ग्लव्हमध्ये आदळल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. चौथ्या इनिंगमध्ये पिट्सबर्गने एक होमरन मारून दोन धावा काढल्या तेव्हा आता जादू उतरणार असं वाटलं. उतरली नाही. शेवटचे सातच्या सात फलंदाज त्याने स्ट्राइकआउट केले. सात इनिंग, १४ स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) एकही नाही. शेजारी बसलेला एक म्हातारा अमेरिकन माणूस डोळे पुसत होता. त्याच्या लहानपणापासून या शहराने दोन संघ गमावले होते.

अडीच महिन्यांत कोपर गेलं. ३ सप्टेंबर २०१० रोजी टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. कोपरातला फाटलेला लिगामेंट काढून तिथे शरीराच्या दुसऱ्या भागातला टेंडन ओवायचा, अशी ही शस्त्रक्रिया. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली, म्हणून हे नाव. वर्षभराने स्ट्रासबर्ग परतला आणि २०१२ चा मोसम सुरू झाला. नॅशनल्स त्या वर्षी ९८ सामने जिंकले. वॉशिंग्टनमध्ये १९३३ नंतर पहिल्यांदाच ऑक्टोबरचं बेसबॉल, म्हणजे मोसमाअखेरची विजेतेपदाची फेरी (प्लेऑफ), येणार होतं. आणि ७ सप्टेंबरच्या सामन्यानंतर जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी त्याला थांबवलं. १५९ इनिंग झाल्या होत्या, १९७ स्ट्राइकआउट झाले होते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात याहून जास्त भार नको हे आधीच ठरलं होतं. पाच आठवड्यांनी प्लेऑफच्या मालिकेतल्या पाचव्या आणि निर्णायक सामन्यात ६-० ची आघाडी असताना, विजय दोनदा एकेका स्ट्राइकवर येऊन ठेपला असताना, नॅशनल्स सेंट लुईसकडून ९-७ ने हरले. त्या रात्री सुरू झालेलं भांडण अजून चालू आहे.

विरोधी बाजू कच्ची नाही, आणि तिला कच्चं समजून वाद घालणं हा आपल्याच बाजूचा कमकुवतपणा ठरतो. पहिला मुद्दा असा की संघखेळात एका माणसाच्या उद्यासाठी पंचवीस जणांचा आज बळी देता येत नाही. त्या ड्रेसिंगरूममध्ये असेही खेळाडू होते ज्यांना प्लेऑफ पुन्हा बघायला मिळाला नाही. दुसरा मुद्दा त्याहून टोकदार आहे: इनिंग मोजायच्याच होत्या तर ऑक्टोबरसाठी राखून का नाही ठेवल्या? अटलांटा ब्रेव्हजने त्याच वर्षी हे करून दाखवलं होतं. त्यांचा क्रिस मेडलेन, शस्त्रक्रिया त्याच २०१० च्या ऑगस्टमधली. त्याला जुलैअखेरपर्यंत राखीव पिचर म्हणून थोडं थोडं वापरलं, मग पूर्ण सोडलं. मोसमाअखेर त्याच्या नावावर १० विजय आणि एक पराभव होता आणि प्लेऑफला तो हजर होता. तिसरा मुद्दा निकालाचा. एवढं जपूनही हात वाचला कुठे? २०१९ नंतर तो आठच सामने खेळला. आणि चौथा पैशाचा: डिसेंबर २०१९ मध्ये सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर, बदल्यात ३१ इनिंग आणि एक बाद. भागाकार करा, इनिंगला ७८ लाख डॉलर पडतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

दुसरा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. रिझो यांचं तत्त्व बरोबर होतं, वेळापत्रक चुकलं. आदल्या वर्षी जॉर्डन झिमरमनला त्यांनी याच पद्धतीने १६१ इनिंगनंतर थांबवलं होतं, पण तेव्हा संघ शर्यतीत नव्हता. यशाची अपेक्षाच नसलेल्या क्लबने आखलेला बेत, यश दारात उभं राहिल्यावरही बदलला नाही. पण मेडलेनच्या उदाहरणाने जे सिद्ध करू बघतात त्यांनी ते शेवटपर्यंत सांगावं. मार्च २०१४ मध्ये मेडलेनचं तेच कोपर पुन्हा फाटलं आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. यावरून ब्रेव्हजची पद्धत घातक होती असंही मी म्हणणार नाही. एका कोपरावरून काहीच सिद्ध होत नाही, हीच तर अडचण आहे, आणि म्हणूनच सावध राहायचं की धोका पत्करायचा हा प्रश्न उरतो.

आता त्या हुकलेल्या ऑक्टोबरकडे नीट पाहू. स्ट्रासबर्ग असता तर नॅशनल्स जिंकले असते, हे लोक इतक्या खात्रीने बोलतात की त्या पाच सामन्यांचे आकडे कोणी उघडूनच बघत नाही. तो असता तर बहुधा बाहेर बसला असता एडविन जॅक्सन, ज्याने तिसरा सामना सुरू केला. तो सामना नॅशनल्स ८-० ने हरले. ज्या दिवशी आपल्या संघाने एकही धाव काढली नाही त्या दिवशी कोणता पिचर जिंकून देणार होता? पाचव्या सामन्यात सुरुवात केली ती गिओ गोन्झालेझने, त्या मोसमात २१ विजय मिळवलेल्या माणसाने, आणि त्याच्या हातात सहा धावांची आघाडी होती. ती गळत गेली आणि नवव्या इनिंगमध्ये शेवटच्या पिचरच्या हातून पार निसटली. होय, दुसऱ्या सामन्यात १२-४ ने मार खाल्ला तिथे स्ट्रासबर्ग असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, हे कबूल करायला हवं. पण "असता तर" च्या एका धाग्यावर चोवीस वर्षांच्या मुलाचं कोपर टांगायचं का?

माझ्या बाजूचे लोकही इथे एक लबाडी करतात, तीही सांगितली पाहिजे. ते २०१९ कडे बोट दाखवतात. त्या वर्षी स्ट्रासबर्गने २०९ इनिंग टाकल्या, १८ सामने जिंकले, आणि प्लेऑफमध्ये पाच विजय आणि पराभव शून्य. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत ह्यूस्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा गेल्या. कोणता चेंडू टाकणार हे त्याच्या ग्लव्हच्या हालचालीवरून कळतंय, असं पिचिंग प्रशिक्षकाच्या लक्षात आलं. मग तो दर चेंडूआधी ग्लव्ह मुद्दाम हलवत राहिला आणि नवव्या इनिंगपर्यंत टिकला, आणखी एकही धाव दिली नाही. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला १९२४ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज मिळाली आणि तिचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला आणि हा मान मिळवणारा तो पहिलाच. म्हणून २०१२ चा निर्णय बरोबर होता, असं माझे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. मधे सात वर्षं गेली. २०१२ मध्ये त्याने आणखी तीस इनिंग टाकल्या असत्या तरी २०१९ आलं असतं का, हे कोणाला सांगता येईल? निर्णय घेताना हातात जे ज्ञान असतं त्यावर निर्णय जोखायचा असतो. पावसाळ्यात नावाडी बोट काढत नाही. त्या दिवशी ऊन पडलं म्हणून तो मूर्ख ठरत नाही आणि वादळ आलं म्हणून तो ज्योतिषी ठरत नाही. २०१२ साली डॉक्टरांना आणि क्लबला जे माहीत होतं त्यावरून, नव्याने शिवलेलं कोपर पहिल्याच वर्षी ताणू नये, हे शहाणपणाचं होतं. एवढंच.

उलट दिशेने गेलेल्याची गोष्ट मला जास्त छळते. मार्क प्रायर, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, २००१ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. स्ट्रासबर्गआधी कॉलेजमधून आलेला सर्वांत पूर्ण पिचर म्हणून लोक त्याचंच नाव घ्यायचे. २००३ मध्ये शिकागो कब्जने त्याला राखलं नाही. २११ इनिंग, सप्टेंबरमध्ये सामन्यामागून सामन्यात १२०-१३० चेंडू, वर प्लेऑफ. वर्ल्ड सिरीजला पोचायला फक्त पाच बाद हवे असताना मैदानात तोच होता, दमलेला. कब्ज तो सामना हरले, पुढचाही हरले. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधला, प्रायरचा शेवटचा सामना २००६ मध्ये झाला, तेव्हा त्याचं वय २५ होतं. कारकिर्दीत एकूण ४२ विजय. मधे त्याच्या कोपरावर एक जोरकस फटकाही बसला होता, त्यामुळे सगळा दोष भाराचा, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जे म्हणतात की संधी आली की सगळं पणाला लावा, विजयाचं निशाण कायम फडकत राहतं, त्यांनी कब्जच्या त्या वर्षाकडे बघावं. निशाणही नाही आणि हातही नाही. आणि कोणी म्हणतं का, की प्रायरला जास्त वापरणं ही क्लबची लूट होती? नाही. हळहळतात आणि पुढे जातात.

आता पैसा. ३१ इनिंगला २४ कोटी ५० लाख हा भागाकार ऐकायला झणझणीत आहे, पण गणित म्हणून तो खोटा आहे. स्ट्रासबर्गचा २०१६ चा करार सात वर्षांचा होता. २०१९ नंतर त्यातली चार वर्षं आणि दहा कोटी डॉलर शिल्लक होते. तो करार मोडण्याचा हक्क त्याला क्लबनेच लिहून दिला होता. त्याने तो वापरला नसता तरी हात तसाच गेला असता आणि क्लबने दहा कोटी मोजलेच असते. म्हणजे वाद असलाच तर उरलेल्या साडेचौदा कोटींचा. ते का दिले? त्या हाताचा सगळा इतिहास ज्यांच्या कपाटात होता, त्या लोकांनी, वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्यानंतर सहा आठवड्यांनी, बाजारात दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून दिले. कोणी त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याच संघाच्या अँथनी रेंडनला एंजल्स या दुसऱ्या क्लबने घेतलं, वर्षं सात आणि रक्कमही तीच, २४ कोटी ५० लाख. रेंडनही कॉलेजचाच हिरो, राइस विद्यापीठाचा. त्यानंतर तो एकाही मोसमात ६० सामने खेळू शकलेला नाही. "स्ट्रासबर्गऐवजी रेंडनला ठेवायला हवं होतं" हे वाक्य २०२० मध्ये मी शंभरदा ऐकलं. हल्ली ऐकू येत नाही.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे, आणि तो समजायला डॉजर्स क्लबचा जुना पिचर सँडी कोफॅक्स याच्याकडे जावं लागतं. १९६६ मध्ये कोफॅक्सने ३२३ इनिंग टाकल्या, २७ सामने जिंकले आणि मोसम संपताच निवृत्ती जाहीर केली. वय ३० होतं. कोपराला संधिवात होता, इंजेक्शनं आणि गोळ्यांवर खेळत होता, हात पुढे कामाचा राहावा म्हणून तो थांबला. आज त्याचं नाव काढलं की लोक आदराने आवाज खाली आणतात. त्याला काचेचा हात म्हणत नाहीत, वाया गेला म्हणत नाहीत. मग स्ट्रासबर्गलाच का? दोघांचा हात गेला, दोघांनी आपल्या शहराला वर्ल्ड सिरीज दिली, दोघे तिशीत संपले. कोफॅक्स फार थोर पिचर होता हे मान्य, पण उपहास आणि आदर यांतला फरक खेळाच्या दर्जातून आलेला नाही. तो कराराच्या कागदातून आला आहे. कोफॅक्सच्या काळी खेळाडूशी करार वर्षावर्षाचा व्हायचा आणि पुढच्या वर्षी त्याच क्लबकडे खेळायचं की घरी बसायचं एवढाच पर्याय असायचा. १९६६ मध्ये त्याला सव्वा लाख डॉलर मिळाले. हात गेल्यावर डॉजर्सना एक पैही मोजावी लागली नाही. सगळं नुकसान एकट्या कोफॅक्सने सोसलं, म्हणून ते आपल्याला उदात्त वाटतं. स्ट्रासबर्गच्या वेळी तेच नुकसान मालकाने सोसलं, म्हणून ते आपल्याला घोटाळा वाटतं.

हा बदल आकाशातून पडला नाही. डिसेंबर १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, मला विचारल्याशिवाय दुसऱ्या शहरात विकू नका. त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते, म्हणून लोकांनी त्याला लोभी ठरवलं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ ने हरला. त्याची कारकीर्द तर त्याआधीच संपली होती. निकालानंतर तीन वर्षांनी दुसऱ्या दोन पिचरांच्या खटल्यात लवादाने ते जोखड काढलं. ज्या कराराला आपण आज लूट म्हणतो त्याची पायाभरणी या माणसाने स्वतःचा खेळ घालवून केली आहे. आणि तो करार फार थोड्यांपर्यंत पोचतो, हे तर आपण विसरूनच जातो. स्ट्रासबर्ग कॉलेजात होता तेव्हा पहिल्या श्रेणीच्या बेसबॉल संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या वाटता यायच्या, त्याही अनेक मुलांत तुकडे करून. आपलं नाव आणि प्रतिमा जाहिरातींना वापरू देऊन पैसे घ्यायची परवानगी तर २०२१ च्या जुलैत मिळाली. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात, ड्राफ्टच्या दोन महिने आधी कोपर फाटलेला मुलगा विचारात घ्या. त्याच्या नावाने विद्यापीठाने तिकिटं विकलेली असतात, टीव्हीवर सामने दाखवलेले असतात, आणि त्याच्या हातात उरतं अर्ध्या फीचं बिल. पुढे मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये २०२३ पर्यंत खालच्या एका पायरीवरच्या खेळाडूला वर्षाला ११ हजार डॉलर मिळायचे. संघटना झाली तेव्हा ते २६ हजार २०० झाले. या मुलांसाठी कोणी भागाकार करत नाही. एका फाटलेल्या कोपरामागे शून्य डॉलर, हा आकडा झणझणीत वाटत नाही.

आणि "वाया गेला" म्हणताना कोणाच्या तुलनेत, तेही सांगा. ११३ विजय, ६२ पराभव, १,७२३ स्ट्राइकआउट. पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कॉलेज पिचरांत बॉल स्टेटच्या ब्रायन बुलिंग्टनला मेजर लीगमध्ये एकच विजय मिळाला. स्टॅनफर्डचा मार्क अपेल निवड झाल्यावर नऊ वर्षांनी, ३० व्या वर्षी तिथे पहिल्यांदा पोचला. डेव्हिड प्राइससारखा एखादाच स्ट्रासबर्गच्या पुढे जातो.

हा वाद फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळला आणि मोहम्मद सिराजने पाचही कसोटींत १८५ षटकं टाकून २३ बळी घेतले. ओव्हलवर आपण सहा धावांनी जिंकलो तेव्हा सुनील गावसकर म्हणाले की वर्कलोड हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून गेलाच पाहिजे, सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का? ज्या माणसाची फलंदाजी रेडिओला कान लावून ऐकत आमचं बालपण गेलं, त्याच्याशी असहमत होताना जीभ जड होते. सिराजचं कौतुक मीही तितकंच करते. पण त्याआधीच्याच जानेवारीत सिडनीला काय झालं ते आपण पाहिलं होतं. ऑस्ट्रेलियात बुमराने दीडशेहून जास्त षटकं टाकली, ३२ बळी घेतले, आणि शेवटच्या डावात पाठीने साथ सोडली तेव्हा तो पॅव्हेलियनमध्ये बसून मालिका जाताना बघत होता. जवानाच्या मागे देश पेन्शन घेऊन उभा असतो. पाठ मोडलेल्या फास्ट बोलरच्या मागे कोण उभं असतं? एकाचं शरीर टिकलं म्हणून दुसऱ्याचं टिकलंच पाहिजे, हा न्याय आपण घरातल्या दोन मुलांनाही लावत नाही.

घरातल्या मुलांवरून एक आठवण. २०१९ च्या वसंतात माझा मुलगा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत खेळायचा, वय अकरा, जागा सेकंड बेस. त्या वयाच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. समोरचा फलंदाज चालू असेल तर तेवढा संपवता येतो, मग बॉल दुसऱ्याकडे द्यायचा आणि चार दिवस विश्रांती. डगआउटच्या कडेला एक काकू बोटात मोजणीचं यंत्र धरून बसायच्या, दर चेंडूला टक्. शेवटच्या सामन्यात आमच्या संघाचा पिचर पोरगा जबरदस्त टाकत होता आणि दोनच बाद उरले होते. यंत्रावर ८५ आले. त्याचे वडील जाळीला बोटं अडकवून ओरडत होते, टाकू दे त्याला, तो ठीक आहे! पोराने मान हलवली, डोळ्यांत पाणी, बॉल सोडेना. प्रशिक्षक मधे गेले, गुडघ्यावर बसले, काहीतरी बोलले आणि हात पुढे केला. आम्ही हरलो. गाडीत मुलाने विचारलं, "आई, तो तर दमला नव्हता ना?" घरी परतताना तिथल्या एकाही पालकाने नियम चुकीचा आहे असं म्हटलं नाही, त्या वडिलांनीही नाही. अकराव्या वर्षी जे आपल्याला उघड दिसतं ते चोविसाव्या वर्षी दिसेनासं का होतं? मधे तिकीट काढलेलं असतं म्हणून?

हो, एक फरक आहे आणि तो माझ्या विरुद्ध जातो. चोवीस वर्षांचा माणूस मूल नसतो. थांबवण्याचा निर्णय रिझो यांनी घेतला आणि स्ट्रासबर्ग त्यावर नाखूश होता, त्याने ते बोलून दाखवलं. त्याच्या हाताबद्दल शेवटचा शब्द त्याचा नव्हता, हे मला बोचतं. पण हे बोचणारे फार थोडे भेटतात. ज्यांना तो ऑक्टोबरमध्ये हवा होता त्यांनाही त्याचं मत नकोच होतं, त्यांना हात हवा होता.

९ जून २०२२ रोजी मायामीत तो शेवटचा खेळला. पदार्पणाला बारा वर्षं आणि एक दिवस झाला होता. त्याआधी मान आणि खांद्यामधल्या दबलेल्या नसा मोकळ्या करण्यासाठी त्याची एक बरगडी आणि मानेचे दोन स्नायू काढले होते. पाच इनिंगही पूर्ण झाल्या नाहीत, सात धावा गेल्या. पुढे हाताचा बधिरपणा गेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्तीचा कार्यक्रम ठरला आणि रद्द झाला, पैशांची बोलणी चालली, २०२४ च्या एप्रिलमध्ये नाव यादीतून गेलं. ज्या मैदानावर आम्ही ४०,३१५ जण उभे राहून ओरडलो होतो तिथे त्याला निरोप मिळाला नाही.

आणि स्कीन्स? लुइझियाना स्टेटकडून एका मोसमात २०९ स्ट्राइकआउट, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, ९२ लाख डॉलर. स्ट्रासबर्गनंतर चौदा वर्षांनी कमी, कारण मधल्या काळात क्लबांनी ड्राफ्टच्या पैशांवर मर्यादा घालून घेतली आणि तसे बहुवर्षीय करारही बंद केले. २०२४ च्या जुलैमध्ये मिलवॉकीविरुद्ध सात इनिंगमध्ये एकही हिट न देता, ९९ चेंडूंनंतर पिट्सबर्गने त्याला बाहेर काढलं, तेव्हा पुन्हा हीच ओरड झाली. २०२५ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला, एकमताने, आणि त्या वर्षी त्याचा पगार किमान वेतनापेक्षा थोडासाच वर होता. स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या क्लबशी बोलायचा हक्क त्याला २०२९ चा मोसम संपल्यावर मिळेल. त्याआधी त्याचं कोपर फाटलं तर नुकसान कोणाचं, हे आजच्या कागदांवर स्पष्ट लिहिलेलं आहे: त्याचं.